मोजणीचा हुन्नर

माझा एक भाचा पुण्यास अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ-संकलन यांचे शिक्षण घेतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो आमच्याकडे राहावयास आला, तेव्हा फराळाच्या ताटाकडे ढुंकूनही न पाहता तीन दिवस तो एका चेंडूच्या पाठीमागे लागला होता. हा चेंडू रबराचा नव्हता की चिंध्यांचाही नव्हता; संगणकाच्या पडद्यावर त्याने स्वतःच रेखाटलेले ते एक साधे वर्तुळ होते, आणि ते जमिनीवर आपटून उसळताना खऱ्या चेंडूसारखे दिसावे, एवढीच त्याच्या गुरूंची आज्ञा होती. पहिल्या दिवशी तो चेंडू सावरीच्या कापसासारखा तरंगत खाली आला. दुसऱ्या दिवशी अधिक मेहनत घेऊन, अधिक चित्रे घालून पाहिली, तो तर अधिकच हलका झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याने जमिनीजवळची दोन चित्रे काढून टाकली, उरलेल्या चित्रांतील अंतर खाली येताना वाढत जाईल अशी त्यांची मांडणी केली, आणि त्या वर्तुळाला एकाएकी वजन आले. "मामा, वजन चेंडूत नाहीच," तो म्हणाला, "ते दोन चित्रांच्या मधल्या जागेत आहे."

त्याच्या त्या वाक्याने माझ्या मनात एक जुनी जिज्ञासा जागी केली. ज्याला आपण आज संगणकाची विद्या म्हणून ओळखतो, ती वस्तुतः मोजणीची विद्या आहे, आणि तिची उमेदवारी आपल्या मुलखात संगणकाच्या पुष्कळ आधीपासून, कंदिलाच्या उजेडात आणि अंधाऱ्या खोल्यांत, चालत आलेली आहे.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने जे प्रयोग सुरू केले, त्यांत सिनेमाचे यंत्र नव्हते; होता तो चित्रदीप, आणि होत्या काचेवर हाताने रंगविलेल्या असंख्य पट्ट्या. शंबरासुराच्या मायेवरून 'शांबरिक' आणि दिव्यावरून 'खरोलिका' असे हे भारदस्त नाव ठेवण्यात पटवर्धनांची रसिकता दिसते. परंतु मला त्यांच्या रसिकतेपेक्षा त्यांच्या हिशोबाचे अधिक अप्रूप वाटते. कारण एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या काचांवर काढून, त्या एकामागून एक अशा बेताने पडद्यावर टाकावयाच्या की प्रेक्षकास आकृती हालली असे वाटावे, हे काम ज्याने केले त्याला, किती अवस्था पुरतात आणि किती कमी पडतात याचा निर्णय कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय स्वतःच्या डोळ्यानेच करावा लागला असला पाहिजे.

या विद्येचे आपल्याकडील पहिले विद्यार्थी म्हणून मी मात्र धुंडिराज गोविंद फाळके यांचेच नाव घेईन, आणि 'विद्यार्थी' हा शब्द येथे मुद्दाम योजीन. दादासाहेबांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून इतके उंच बसवून ठेवले आहे की एकेचाळीस वर्षांचा, नेत्रविकारातून नुकताच उठलेला, विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून परदेशी निघालेला एक प्रौढ शिकाऊ उमेदवार ही त्यांची खरी मूर्ती आपल्या दृष्टीआड झाली आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा केलेले, पुराणवस्तू खात्यात नोकरी केलेले, शिळाछापाच्या कारखान्यात हात काळे केलेले, आणि 'प्रोफेसर केळफा' असे स्वतःचेच आडनाव उलटे करून जादूचे प्रयोगही केलेले हे गृहस्थ फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेतील निरनिराळी खाती पाहावयास मिळाली. हेपवर्थ हे चलच्चित्रावर १८९७ सालीच पुस्तक लिहिणारे गृहस्थ. तेव्हा गुरू लाभला तो अव्वल दर्जाचा. पण या गुरुगृहीचा मुक्काम आठवड्यांतच मोजण्याजोगा होता, आणि एप्रिलच्या आरंभी फाळके विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि छपाईचे यंत्र यांची तजवीज करून मायदेशी परतले. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरून बसलेल्या भाच्याला ही हकीकत मी सांगितली, तेव्हा त्याने फक्त भुवया उंचावल्या.

परत आल्यावर त्यांनी जे पहिले काम केले ते कोणत्याही पुराणकथेचे नव्हते. कुंडीत वाटाणे पेरून, कॅमेरा तिच्यासमोर रोखून, त्यांनी अंकुराची वाढ टिपली. महिनाभराच्या कालावधीत जे घडले ते काही क्षणांत पडद्यावर दाखवून त्यांनी निवडक मंडळींची खातरजमा केली, आणि त्या वाटाण्याच्या रोपाच्या जोरावर त्यांना भांडवल मिळाले. सांगणारे सांगतात की फाळके रोज एकच चित्र घेत असत. या दंतकथेवर माझा विश्वास नाही, आणि त्याचे कारण साधे अंकगणित आहे. त्या काळी कॅमेऱ्याचे हातदांडे फिरविण्याचा शिरस्ता सेकंदास सुमारे सोळा चित्रे असा होता. रोजचे एक चित्र धरले तर तीस दिवसांची पुंजी दोन सेकंदांतच संपते, आणि दोन सेकंदांत डोळ्याची पापणी लवेल, सावकाराची तिजोरी उघडणार नाही. तेव्हा दादासाहेबांनी दिवसाला अनेक चित्रे घेतली असली पाहिजेत, आणि किती घेतली असता वाढ धक्के न खाता सलग दिसेल याचा अदमास ते त्या कुंडीसमोर बसून महिनाभर करीत राहिले असले पाहिजेत. भाच्याचा चेंडू आणि दादासाहेबांचा वाटाणा यांच्यामध्ये एका शतकाहून अधिक काळ गेला असला तरी प्रश्न एकच आहे, आणि तो मधल्या जागेचाच आहे.

पुढे काड्यापेटीतील काड्यांना एकेक करून सरकवीत आणि दर सरकवणीस एक चित्र घेत त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लहानसा पट केला. निर्जीव वस्तूला जीव देण्याचा आपल्याकडील हा अगदी आरंभीचा यत्न होय. ज्यांनी 'लंकादहन'मधला मारुती आकाशातून उडविला त्यांना काड्या नाचविण्याचे विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु चमत्काराच्या दृश्यात यंत्र थांबवावे, पात्र हलवावे, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि मागाहून फिल्म नेमक्या चित्रावर कापून सांधावी लागते, तेव्हा काडी सरकविण्याची कला आणि फिल्म कापण्याची कला या दोहोंची रुजवात एकाच टेबलावर होते. अ‍ॅनिमेशन एका वर्गात आणि संकलन दुसऱ्या वर्गात, ही विभागणी पुढच्या काळाची आहे. फाळक्यांना ती ठाऊक नव्हती.

आणि या घरच्या चित्रशाळेत विद्यार्थी एकटे फाळकेच नव्हते. दादरच्या बंगल्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सर्व मंडळींचा स्वयंपाक उरकून, रात्री दारेखिडक्या बंद करून, कोऱ्या फिल्मला भोके पाडावयास बसत. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या प्रत्येक फुटात चित्रे सोळा, दर चित्रास एका कडेला भोके चार. म्हणजे फुटास एका कडेला चौसष्ट आणि दोन्ही कडा मिळून एकशे अठ्ठावीस. 'राजा हरिश्चंद्र' हा पट सुमारे ३,७०० फुटांचा होता. एका प्रतीचा हिशोब केला तरी भोके पावणेपाच लाखांच्या घरात जातात, आणि भोके यंत्र पाडीत असले तरी यंत्रात फिल्म सरळ बसली की नाही हे अंधारात बोटांनाच कळावे लागते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात जेव्हा तो पट लोकांपुढे आला, तेव्हा हरिश्चंद्र पडद्यावर थरथरला नसेल, तर त्याचे श्रेय ज्या बोटांकडे जाते ती श्रेयनामावलीत नव्हती. आपली आभूषणे धंद्यासाठी तारण ठेवू देणारी स्त्री म्हणून सरस्वतीबाईंचा उल्लेख चरित्रकार आदराने करतात. माझ्या मते दागिन्यांपेक्षा ही रात्रीची उमेदवारी मोठी आहे.

कोल्हापूरची तऱ्हा निराळी. बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिक्षण म्हणजे तालीम होती: शागिर्दाने प्रथम झाडलोट करावी, रंग कालवावा, पडेल ते ओझे उचलावे, आणि नजर मात्र उस्तादाच्या हाताकडे ठेवावी. शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण १९२० च्या सुमारास याच दारातून आत शिरला. पुढे १९२९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'प्रभात' काढली, ती १९३३ साली पुण्यास आली, आणि १९३४ साली याच कंपनीतून रघुनाथ केळकर यांचा 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा व्यंगपट बाहेर पडला. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे फारसे हाती नाही. संतपटांच्या तेजात तो कोल्हा झाकोळून गेला.

अ‍ॅनिमेशनच्या शिक्षणाला सरकारदरबारी आसन मिळाले ते १९५६ साली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपटांचा विभाग स्थापन झाला, आणि डिस्नेच्या कारखान्यात 'बॅम्बी'सारख्या पटांवर काम केलेले क्लेअर वीक्स हे शिकविण्यासाठी येथे आले. वीक्स हे मिशनरी आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेले. त्यामुळे हा परदेशी गुरू तसा सर्वस्वी परका नव्हता. त्यांच्या हाताखाली जातकातील हरणांच्या राजाची कथा 'द बनियन डिअर' या नावाने १९५७ साली पडद्यावर आली, आणि रसायनशास्त्राचे पदवीधर राम मोहन याच विभागात घडून पुढे या विद्येचे आचार्य झाले.

या विभागातील कामाची पद्धत सविस्तर सांगण्याजोगी आहे. मुख्य चित्रकार हालचालीची फक्त मुख्य चित्रे काढी: हात खाली, हात वर. या दोहोंमधली सारी चित्रे काढणे हे नवशिक्याचे काम. खालून दिवा लावलेल्या काचेवर, कागदाची भोके खुंट्यांत अडकवून, खालच्या कागदावरची रेषा वरून न्याहाळीत तो एकेक मधले चित्र काढी. मग ती रेषा पारदर्शक पत्र्यावर शाईने उतरे, पत्र्याच्या पाठीमागून रंग भरला जाई, आणि अखेरीस उभ्या बसविलेल्या कॅमेऱ्याखाली, तक्त्यातील नोंदीबरहुकूम, एकेक पत्रा ठेवून चित्र घेतले जाई. बोलपटात सेकंदास चोवीस चित्रे. एकेक रेखाटन दोनदा टिपण्याची सवलत घेतली तरी दहा मिनिटांच्या पटास सात हजार दोनशे रेखाटने लागतात. एवढ्या रेषा काढल्यावर हरणाची मान कुठे जड आणि कुठे हलकी, हे वेगळे शिकवावे लागत नसे.

संकलनाची पाठशाळाही अशीच मधल्या कामाची होती. १९६० साली पुण्यात, प्रभातच्याच जागेत, फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, आणि जी विद्या शागिर्द झाडलोट करून शिकत तिला अभ्यासक्रम, परीक्षा आणि सनद मिळाली. तरी मुंबईच्या संकलन-कक्षांत जुनीच उमेदवारी चालू राहिली. गोव्यातील पोंबुर्फ्याचे वामन भोसले १९५२ मध्ये मुंबईस आले, बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली शिकले, आणि पुढे फिल्मिस्तानमध्ये सुमारे बारा वर्षे, म्हणजे अक्षरशः एक तप, साहाय्यक म्हणून राबले. स्वतंत्र संकलक म्हणून 'दो रास्ते' १९६९ साली आला. पुढे 'इन्कार'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. साहाय्यकाचे काम म्हणजे कापलेल्या तुकड्यांवर क्रमांक घालणे, ते कापडी अस्तराच्या पेटीवर खिळ्यांना टांगून ठेवणे, धन्याने हात पुढे करताच नेमका तुकडा हातात देणे, आणि पात्याने फिल्मवरील लेप खरवडून, चिकटद्रव्याचा थेंब देऊन, सांधा दाबून धरणे. फुटाफुटाचा जमाखर्च ठेवता ठेवता कोणते दृश्य किती फुटांनी जड होते, हे त्याच्या अंगवळणी पडे.

भाच्याच्या संगणकात ही सारी अवजारे नावापुरती शिल्लक आहेत. तुकडे ठेवण्याच्या कप्प्यास अजून 'बिन' म्हणतात, कापण्याच्या हत्याराच्या चिन्हात अजून पाते आहे, आणि मुख्य चित्रास 'की-फ्रेम' हे जुनेच नाव आहे. फरक एवढाच की दोन मुख्य चित्रे दिली म्हणजे मधली चित्रे यंत्र आपणच भरून देते; नेमकी तीच, जी काढता काढता नवशिका कारागीर होत असे. वेगळे काही सांगितले नाही तर यंत्राने भरलेली चित्रे बहुधा समान अंतराची असतात, म्हणूनच त्या पोराचा चेंडू दोन दिवस कापसासारखा तरंगत राहिला. शिकण्याची जी पायरी यंत्राने वाचविली ती त्याला उलट्या पावलांनी जाऊन पुन्हा चढावी लागली. त्याबद्दल हळहळावे असे मला वाटत नाही. सरस्वतीबाईंना भोके पाडून आयती फिल्म मिळती तर त्यांनीही ती नाकारली नसती.

जाण्याच्या आदल्या रात्री मी त्याला 'चित्रपट कसे तयार करतात' या १९१७ सालच्या पटाचा वाचलेला तुकडा शोधून दाखविला. त्यात दादासाहेब स्वतः काम करताना, फिल्म हाती घेऊन तिची जुळवाजुळव करताना दिसतात. आमच्या हाती आलेल्या प्रतीत ते फार लगबगीत होते. मान झटक्याने वळत होती आणि हात कोंबडीने दाणे टिपावे तसे चालत होते. भाचा जरासा हसला, मग एकाएकी पुढे सरकला. त्याने तो तुकडा आपल्या संकलनाच्या पट्टीवर घेतला, बाणाची कळ दाबीत हाताच्या एका फेऱ्यातली चित्रे ओठांतल्या ओठांत मोजली, आणि चोवीसच्या जागी सोळाचा आकडा घातला. तेव्हा कोठे दादासाहेब सावकाश काम करू लागले.