पापात पडलेले धर्मगुरू आणि वेदीवरील सेवा

मालवण किनाऱ्यावरील एका तरुण दांपत्याने काही काळापूर्वी आम्हांस एक प्रश्न विचारला. ज्या फादरांनी त्यांचे लग्न लावले, त्यांच्या बाळाचा स्नानसंस्कार केला, त्या फादरांना नंतर गंभीर आरोपांमुळे सेवेतून दूर करण्यात आले होते. "मग आमचे लग्न ख्रिस्तसभेपुढे खरे की खोटे? आणि बाळाचे काय?" वाड्यावरच्या कोणीतरी त्यांना सांगितले होते की अशा हातांनी दिलेले सगळेच वाया जाते. त्याच वाड्यावरच्या दुसऱ्या कोणीतरी सांगितले होते की प्रभूने पेत्रालाही क्षमा केली, तेव्हा फादरांना परत आणायला हवे.

ही दोन्ही मते आपल्या धर्मग्रामांतून नेहमी ऐकू येतात आणि दोन्हींत एकच गफलत आहे. संस्कार ग्राह्य आहे का, हा एक प्रश्न. संस्कार देणाऱ्याने त्या पदावर राहावे का, हा दुसरा. ख्रिस्तसभेने या दोहोंची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत आणि ती विचारपूर्वक दिली आहेत.

पहिला प्रश्न फार जुना आहे. सम्राट डायोक्लेशियनने ३०३ साली ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील काही धर्माधिकाऱ्यांनी भीतीपोटी पवित्र ग्रंथ सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ थांबल्यावर कार्थेजला केसिलियन हे बिशप झाले. त्यांना दीक्षा देणाऱ्यांत असा एक 'ग्रंथद्रोही' होता, असा आरोप झाला आणि एक मोठा गट फुटून निघाला. त्यांच्या पुढाऱ्याच्या नावावरून त्यांना दोनातपंथी म्हणतात. पापी हातांतून कृपा येत नाही, हे त्यांचे म्हणणे. ३१४ साली आर्ल येथील परिषदेने ते फेटाळले, तरी वाद शंभर वर्षे धुमसत राहिला. हिप्पोचे बिशप संत ऑगस्तीन यांनी त्याला जे उत्तर दिले, त्यावर आपण आजही उभे आहोत. स्नानसंस्कार देणारा खरा ख्रिस्तच असतो. हात पेत्राचे असोत की यहूदाचे, देणारा बदलत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्रेंत येथील विश्वपरिषदेने १५४७ साली हीच शिकवण विधिवत घोषित केली.

या शिकवणीचा लाभ धर्मगुरूला होतो असे काहींना वाटते. वास्तविक ती श्रद्धावंतांच्या रक्षणासाठी आहे. तसे नसते, तर प्रत्येक मिस्सेपूर्वी आपल्याला वेदीवरच्या माणसाचे अंतःकरण तपासावे लागले असते.

म्हणून त्या दांपत्याला आम्ही सांगितले की बाळाचा स्नानसंस्कार पूर्णपणे खरा आहे. लग्नाच्या बाबतीत थोडा खुलासा हवा. आपल्या लॅटिन परंपरेत विवाहसंस्कार वर आणि वधू एकमेकांस देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षी असतो. त्या दिवशी त्याला तो अधिकार होता, तर त्याचे खाजगी पाप लग्नाला बाधा आणत नाही. अधिकार आधीच निकालाने वा आदेशाने काढून घेतला असेल तर मात्र चौकशी करावी लागते, आणि तेथेही लोकांचा प्रामाणिक गैरसमज झाला असल्यास धर्मसभेचा कायदा त्यांना वाऱ्यावर सोडत नाही. या दांपत्याचे लग्न फादर रीतसर नेमणुकीवर असताना झाले होते. प्रश्न मिटला.

धर्मगुरूच्या अधिकाराविषयीचा संभ्रम आपल्या भागाला नवा नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउस द कास्त्रो १६३७ साली रोममध्ये बिशप झाले आणि विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी त्यांची नेमणूक झाली. आजचा सिंधुदुर्ग त्या काळी त्याच मुलखाच्या किनाऱ्यावर होता. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने त्यांना मानले नाही. येथे पापाचा प्रश्न नव्हता, सत्तेचा होता. परंतु खरा धर्माधिकारी कोणता, या चिंतेची झळ शेवटी साध्या माणसांनाच लागते.

आता दुसरा प्रश्न. येथे एक जुनी घटना आम्हांस फार बोलकी वाटते. तिसऱ्या शतकात स्पेनमधील बासिलिदेस आणि मार्सियालिस या दोन बिशपांनी छळाच्या काळात मूर्तिपूजेचा दाखला घेऊन जीव वाचवला होता. लोकांनी त्यांच्या जागी दुसरे बिशप निवडले. बासिलिदेस रोमला गेला आणि पोप स्तेफन यांच्याकडून पद परत मिळवण्याची खटपट करू लागला. तेव्हा त्या स्पॅनिश ख्रिस्तमंडळींनी कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांना पत्र लिहून सल्ला विचारला. सुमारे २५४ साली सिप्रियन व त्यांच्या सोबतच्या बिशपांनी उत्तर दिले की अशा माणसाने पश्चात्ताप करावा, प्रापंचिक म्हणून ख्रिस्तसभेत राहावे, पण वेदीवर परत येऊ नये. संस्कारांच्या ग्राह्यतेविषयी सिप्रियन यांचे मत पुढे ऑगस्तीन यांनी सुधारले. परंतु क्षमा मिळणे आणि पद परत मिळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा त्यांचा निवाडा टिकून आहे.

मग पेत्राचे काय? पेत्र स्वतःच्या दुबळेपणाने पडला; त्याच्या हाती सोपवलेल्या कोकराला त्याने जखमी केले नव्हते. हा फरक आमच्या मते निर्णायक आहे. प्रत्येक धर्मगुरू मिस्सेच्या आरंभी सर्वांसमोर आपण पापी असल्याचे कबूल करतो, आणि निष्पाप माणसेच हवीत असे म्हटले तर आमच्यासकट सर्वांनाच वेदी सोडावी लागेल. रागीट, आळशी, दारूच्या आहारी गेलेला धर्मगुरू असतो. त्याला उपचार, विश्रांती, बदली, कानउघाडणी लागते आणि पुष्कळदा तो सावरतो. ब्रह्मचर्याचे व्रत पाळणे अशक्य झालेला कोणी रोमकडून मुक्तता मागून सन्मानाने संसार थाटतो. त्याचीही आपल्याकडे उगाच निंदा होते. परंतु बालकावर अत्याचार करणारा, पापनिवेदनाच्या आडून स्त्रीला पापाकडे ओढणारा, पदाच्या धाकाने कोणाला वश करणारा धर्मगुरू केवळ पापी नसतो. तो अपराधी असतो, आणि त्याच्या पापाची साधने त्याचे पद व लोकांचा विश्वास हीच असतात.

धर्मसभेचा कायदाही हा भेद करतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली दंडविषयक भाग सुधारला. तो ८ डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. बालकांवरील लैंगिक अत्याचार आता ब्रह्मचर्यभंगाच्या प्रकरणात नव्हे, तर मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धच्या अपराधांत मोडतो. हा बदल नुसता कागदावरचा नाही. पूर्वी प्रश्न असे, धर्मगुरूने आपले व्रत मोडले का? आता प्रश्न आहे, त्या बालकाचे काय झाले?

आपल्या देशातील उदाहरणे वेदनादायक आहेत, तरी ती टाळून लिहिणे अप्रामाणिक ठरेल. केरळमधील कोट्टियूरच्या एका प्रमुख धर्मगुरूस अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल २०१९ साली वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि पोप महोदयांनी त्याला धर्मगुरूपदावरून काढून टाकल्याचे २०२० साली जाहीर झाले. मुंबईत शिवाजीनगर भागातील एका धर्मगुरूस २०१५ सालच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये जन्मठेप सुनावली. जालंधरचे बिशप फ्रँको मुलक्कल यांची गोष्ट वेगळी आहे. २०१८ साली त्यांना कारभारापासून दूर ठेवण्यात आले व अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तरीही त्यांना जालंधरचा कारभार पुन्हा सांभाळायला मिळाला नाही आणि जून २०२३ मध्ये त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला. तो शिक्षा म्हणून नव्हे, तर धर्मप्रांताच्या हितासाठी, असे सांगण्यात आले. न्यायालयात सुटणे आणि कळपाचा मेंढपाळ म्हणून परतणे यांतले अंतर येथे दिसते.

आरोप झाला म्हणजे सिद्ध झाला असे नाही. खोट्या आरोपाने एखाद्या फादरांचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते, म्हणून चौकशीच्या काळात त्यांना वेदीपासून दूर ठेवणे ही शिक्षा समजू नये. मात्र चौकशी टाळण्यासाठी 'इगर्जीची बदनामी नको' हे कारण पुढे करणे आता कायद्यानेही चालत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती ज्याला असेल त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे; न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ख्रिस्तसभेच्या बाजूने, पोप फ्रान्सिस यांच्या मे २०१९ च्या आदेशाने धर्मगुरू व व्रतस्थांवर आपल्या वरिष्ठांना कळवण्याचे बंधन घातले, प्रत्येक धर्मप्रांतात तक्रारीची सोय असावी असे ठरवले, आणि तक्रारदारावर गप्प राहण्याची अट लादण्यास मनाई केली. मार्च २०२३ मध्ये तो सुधारून कायम करण्यात आला. पापनिवेदनाची गुप्तता मात्र कोणत्याही कारणास्तव मोडता येत नाही.

पदावरून काढलेल्या धर्मगुरूची दीक्षा पुसली जात नाही. म्हणून तो मिस्सा अर्पण करू शकत नसला, कोणाचे पापनिवेदन ऐकू शकत नसला, तरी रस्त्यावर अपघातात कोणी मरणोन्मुख असेल तर तोही पापक्षमा देऊ शकतो, आणि ती क्षमा खरी असते. कायद्याने मरणाऱ्यासाठी हे एक दार उघडे ठेवले आहे, त्याच्यासाठी नव्हे. तो उपाशी राहू नये याकडे बिशपांनी लक्ष द्यावे, असेही तोच कायदा सांगतो. पण पीडिताच्या घरी आधी कोण गेले, हे विचारल्याशिवाय या दयेची चर्चा आम्हांस अपुरी वाटते.

त्या दांपत्याने जाताना आणखी एक विचारले. बाळाच्या दाखल्यावर त्या फादरांची सही आहे. ती बदलून मिळेल का? आम्ही सांगितले, नाही. स्नानसंस्काराच्या वहीत जे त्या दिवशी घडले तेच लिहिलेले असते, आणि ती नोंद तशीच राहील.