तुमचा व्यवसाय कोणता?

केस कापण्याच्या कामात धोका तो कसला, असे कोणालाही वाटेल. खाणीत दरड कोसळते, कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात हात सापडतो; सलूनमध्ये फार तर कात्रीने बोट कापेल. परंतु दिवसातले आठ-दहा तास उभे राहून, हात खांद्याच्या पातळीवर धरून आणि मान एका बाजूस कलती ठेवून जो काम करतो, त्याची मान, खांदे, मनगटे, कंबर आणि पाय कालांतराने कुरकुरू लागतात. ही दुखणी एका क्षणात होत नाहीत, म्हणून ती अपघातात मोडत नाहीत. जंतूंमुळे होत नाहीत, म्हणून त्यांना कोणी रोगही म्हणत नाही. मग त्यांचे कारण शोधायचे कोठे?

या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३-१७१४) यांनी दिले. मोदेना येथे अध्यापन करीत असताना ते कारागिरांच्या कामाच्या जागी जाऊन त्यांचे काम पाहत. कामगारांच्या आजारांवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक व्यवसायांचा विचार होता. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आणखी १२ प्रकरणांची भर पडली. रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत वैद्याने आणखी एक प्रश्न घालावा, असे त्यांनी सुचविले : तुमचा व्यवसाय कोणता?

व्यवसायजन्य दुखण्यांची त्यांनी दोन कारणे सांगितली. एक, हाताळाव्या लागणाऱ्या पदार्थांचे घातक गुण. आणि दुसरे, शरीराच्या अनैसर्गिक हालचाली व अवघडलेल्या बैठकी. यातील दुसरे कारण त्या काळी नवे होते. सतत लिहिणाऱ्या कारकुनांचा हात का दुखतो, हे त्यांनी नोंदविले. एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा तो डाव्या हाताने लिहावयास शिकला. काही काळाने डाव्या हाताचीही तीच गत झाली. म्हणजे दोष हातात नव्हता, कामाच्या रीतीत होता.

उभे राहून काम करणाऱ्यांवरही त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले. लांबवर चालण्यापेक्षा थोडा वेळ एका जागी उभे राहणे अधिक थकविते, ही त्यांची नोंद आज आपल्याला नीट समजावून देता येते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आळीपाळीने आकुंचन व प्रसरण पावतात आणि शिरांतील रक्त वर ढकलतात. स्थिर उभे राहिले की हा पंप जवळजवळ थांबतो, रक्त पायात साचते आणि शिरा फुगतात. अधूनमधून बसावे किंवा चार पावले चालावे, हा रामाझ्झिनींचा सल्ला आजही तितकाच योग्य आहे.

खांद्याचे गणित तरफेचे आहे. साठ किलो वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे तीन किलोचा असतो. हात आडवा पसरला, की त्याचा गुरुत्वमध्य खांद्याच्या सांध्यापासून सुमारे २५ सेंमी दूर जातो. हात तोलणारा खांद्याचा स्नायू मात्र सांध्याजवळ आणि अगदी तिरपा ओढतो; त्याच्या बलाची परिणामी भुजा जेमतेम तीन सेंमी. हिशेब केला तर तीन किलोचा हात धरून ठेवण्यासाठी स्नायूला वीस-पंचवीस किलो वजनाइतके बल लावावे लागते. हातात कात्री वा ड्रायर आला, की हा आकडा आणखी वाढतो. शिवाय सतत ताणलेल्या स्नायूतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात व त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. कोपर शरीराजवळ आणले, की भाराची भुजा लहान होते आणि ताण लगेच उतरतो.

पण कोपर खाली ठेवायचे, तर गिऱ्हाइकाचे डोके योग्य उंचीवर हवे. आपल्याकडे धोपटी घेऊन फिरणारे न्हावी गिऱ्हाइकासमोर उकिडवे बसून हजामत करीत. तेव्हा भार गुडघ्यांवर आणि कमरेवर पडे. सलूनची खुर्ची आली तसा तो पावलांवर आणि खांद्यांवर गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सेंट लुई शहरात अर्नेस्ट कोकेन यांच्या कारखान्याने द्रवाच्या दाबावर वरखाली होणारी खुर्ची तयार केली. शाळेत आपण पास्कलचा नियम शिकवितो, त्याचेच हे उदाहरण. खुर्चीचा दांडा दाबून गिऱ्हाईक हवे तेवढे उचलता येऊ लागले. पुढे मात्र उलटेही घडले. केस वाळविण्याचे टोप जाऊन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातातल्या ड्रायरचा वापर वाढला आणि टोपाने आपोआप होणारे काम पुन्हा उचललेल्या हाताकडे आले. नवे साधन प्रत्येक वेळी श्रम कमी करतेच असे नाही.

माणसाला कामात बसविण्याऐवजी काम माणसाला जुळवून घ्यावे, या विचाराला १८५७ साली पोलंडचे यास्त्शेंबोव्स्की यांनी 'अर्गोनॉमिक्स' हे नाव दिले. १९४९ साली ब्रिटनमध्ये या शास्त्राची संस्था स्थापन झाली. तरीही केशकर्तनासारखा व्यवसाय बराच काळ दुर्लक्षितच राहिला. २६ एप्रिल २०१२ रोजी युरोपातील सलूनमालक आणि कामगार यांच्या संघटनांनी एक करार केला. उंची बदलणारी आसने, हलकी व हातात नीट बसणारी साधने, कामांची आलटापालट आणि विश्रांती, अशी त्याची कलमे. काही वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली. हा करार कायद्यात आणण्याचा प्रस्ताव मांडणार नाही, असे युरोपीय आयोगाने २०१३ साली जाहीर केले. २०१६ साली सुधारित करारावर सह्या झाल्या. तरी तो सर्वांवर बंधनकारक कायदा झाला नाही. मालक आणि कामगार यांचे एकमत असूनही असे व्हावे, याचे एक कारण आम्हाला असे दिसते, की हळूहळू होणारी इजा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आपल्या शाळांतून बाहेर पडणारी कित्येक मुले-मुली सलूनमध्ये, पार्लरमध्ये, शिवणाच्या दुकानात कामाला लागतात. आपण शिक्षकही दिवसभर उभे असतो आणि खांद्याच्या वर हात करून फळ्यावर लिहितो. म्हणून तरफेचा पाठ घेताना एक प्रयोग अवश्य करावा. मुलांना रिकामा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरावयास सांगावे आणि दुखू लागताच खाली घ्यावयास सांगून वेळ नोंदवावी. थोडी विश्रांती देऊन, कोपर अंगाला टेकवून पुन्हा वेळ घ्यावी. दोन्ही आकडे फळ्यावर मांडून फरकाचे कारण मुलांनाच शोधू द्यावे. नंतर प्रत्येकाने घरी जाऊन आई-वडिलांना रामाझ्झिनींचा प्रश्न विचारावा, आणि त्या कामात शरीराचा कोणता भाग दुखतो, तेही लिहून आणावे.