हौसेची गाडी विकायचीय? भाव कसा ठरतो, कागद कुठे अडतो आणि आपलं नाव कधी उतरतं

नागापूर : स्विफ्ट, वॅगन-आर नाहीतर बोलेरो विकायला काढली तर संध्याकाळपर्यंत दोन-तीन फोन येतात. पण जुनी जिप्सी, सॉफ्ट टॉपची थार, ऑक्टाव्हिया, लिनिया टी-जेट किंवा एंडेव्हर विकायला काढली की महिना महिना कुणी विचारत नाही. जो विचारतो तो निम्म्या भावात मागतो. अशी गाडी हौसेनं घेतलेली असते, पण विकायची वेळ बहुतेक वेळा नडीनं येते. घरात लग्न असतं, दवाखाना असतो, नाहीतर पतसंस्थेचा हप्ता थकलेला असतो. या घाईत मालक एक तर गाडी मातीमोल देतो, नाहीतर नाव न बदलता टीटी फॉर्मवर नुसती सही करून चावी देऊन टाकतो. पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात पुढची कित्येक वर्षं कोर्टकचेरी मागे लागू शकते.

नगर भागात अशा गाड्या बऱ्याच आहेत आणि त्याला कारणही आहे. अहिल्यानगर हे लष्कराचं शहर. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथं, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथं. जीप, जोंगा, जिप्सी बघत इथल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. त्यात आजूबाजूला गाड्यांचे कारखाने. पुणे रस्त्यावर रांजणगावला फियाटची लिनिया आणि पुंटो बनायची, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाच्या ऑक्टाव्हिया, लॉरा, सुपर्ब जोडल्या जायच्या, चाकणला फोक्सवॅगनची पोलो. त्यामुळे नागापूर एमआयडीसीच्या पट्ट्यात या गाड्या चालवणारेही आहेत आणि त्यांचं काम जाणणारे मिस्त्रीही. कमी आहे ते गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक का मिळत नाही

पहिली अडचण कर्जाची. गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली की बँका आणि फायनान्सवाले सहसा हात आखडतात. म्हणजे पूर्ण पैसे खिशात असलेलाच माणूस ती घेऊ शकतो, आणि तेवढे पैसे खिशात असलेला माणूस हप्त्यावर नवी गाडी घेण्याचा विचार करतो.

नवी गाडी मध्यंतरी स्वस्तही झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्या वेळी महिंद्राने तीन दाराच्या थारवर, टू-व्हील डिझेलमध्ये, १ लाख ३५ हजारांपर्यंत कपात जाहीर केली होती. नव्याचा भाव एवढा खाली आला की जुन्याचाही येतो. त्या तारखेच्या आधी कुणाची थार कितीला गेली, हा हिशोब आता धरता येत नाही.

तिसरी अडचण बंद पडलेल्या कंपन्यांची. शेवरोलेने २०१७ च्या शेवटी देशात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, फियाटच्या गाड्याही गेल्या. फोर्डचे पार्ट आणि सर्व्हिस चालू आहे, तरी गिऱ्हाईकाच्या मनात 'पार्ट मिळत नाही' हे एकदा बसलं की निघत नाही. अशा गाडीच्या मालकाने कुठला पार्ट कुठून, कितीला आणि किती दिवसांत आला, याची बिलं दाखवावीत. तोंडी सांगण्यापेक्षा एक बिल जास्त काम करतं.

आता पेट्रोल गाडीला इथेनॉलचाही प्रश्न विचारतात. १ एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई-२० इंधन धरून बनतात, त्याआधीच्या बहुतेक नाहीत. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच जिप्सीच्या भावाला आडवं येतं, अशी ही गंमत आहे. इंधनाचे रबरी पाइप आणि सील बदलून घेतले असतील तर तेही बिलासकट सांगावं.

घातलेले पैसे विसरायचे

'गाडीला अडीच लाख लावलेत' असं सांगून भाव वाढत नाही. हौसेला मोल नाही असं म्हणतात, बाजारात ते शब्दशः खरं ठरतं. रुंद टायर, लोखंडी बंपर, एलईडी बार, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, स्नॉर्कल ही ज्याची त्याची आवड. घेणाऱ्याला ती नको असेल तर काढायचा खर्च तो भावातून कापतो.

शिवाय यात कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. समोरच्या लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलं होतं. जाणकार गिऱ्हाईकाला हे सगळं माहीत असतं.

म्हणून विकण्याआधी गाडी शक्य तेवढी मूळ रूपात आणावी. मूळ रिंगा, सीट, बंपर, सायलेन्सर गोठ्यात किंवा शेडमध्ये पडले असतील तर बाहेर काढून परत बसवावेत, आणि वरचं सामान वेगळं विकावं. समजा टायर-रिंगांचा सेट गाडीसोबत दिला तर त्याचे १० हजारही धरले जात नाहीत. तोच सेट त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाला सुटा विकला तर बऱ्यापैकी पैसे येतात. मूळ सामान भंगारात घातलं असेल तर मात्र इलाज नाही.

पंजाब-हरियाणाकडे, खास करून सिरसा जिल्ह्यातल्या मंडी डबवालीत, बनवलेल्या जीपचा विषय याहून नाजूक आहे. चासी एकाची, इंजिन दुसऱ्याचं, बॉडी नवीच. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळत नसेल तर ती गाडी नावावर होत नाही, मग ती वरातीत कितीही उठून दिसो. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सीचंही तसंच. लिलावाची मूळ कागदपत्रं आणि त्यानंतर झालेलं रीतसर पासिंग, दोन्ही हवं. जाता जाता, पांढऱ्या पाटीची जीप वरातीला भाड्याने देणं हेही नियमात बसत नाही. 'भाड्याचं चांगलं उत्पन्न आहे' ही गोष्ट जाहिरातीत टाकू नये.

भाव काढायचा कसा

मोबाइलवर दिसतात ते मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हेत. त्याच मॉडेलची, त्याच सालाची जाहिरात दोन महिने तशीच दिसत असेल तर तो भाव चालत नाही असं समजावं. गाड्या विकत घेणाऱ्या मोठ्या ॲप कंपन्यांकडून एक आकडा काढून घ्यायला हरकत नाही. त्यांना पटकन खपणारी गाडी हवी असते, त्यामुळे हौसेच्या गाडीला त्यांचा आकडा कमीच येतो. तो तळ धरावा आणि त्याच्या वर किती मिळतं ते बघावं.

खरं गिऱ्हाईक गावात नसतं. ते पुणे, नाशिक, संभाजीनगरला असतं, त्याच गाडीवर जीव असलेलं. तिथपर्यंत पोचायला त्या मॉडेलचं काम करणारा मिस्त्री हा सगळ्यात चांगला दुवा, कारण कोण कुठली गाडी शोधतंय हे त्याला आधी कळतं. कमिशन किती ते त्याच्याशी आधीच ठरवावं. फोटो धुतलेल्या गाडीचे, सकाळच्या उजेडात काढावेत आणि खालून चासीचे, गंज असेल तर गंजाचेही टाकावेत. दीडशे किलोमीटरवरून आलेला माणूस इथं येऊन गंज बघतो तेव्हा नुसता भाव पाडत नाही, परत जातो.

वेळेचंही गणित आहे. फोर-बाय-फोरला पावसाळ्याच्या तोंडावर मागणी येते, भंडारदरा-माळशेजकडे फिरणारे तेव्हाच शोधतात. गावातल्या गिऱ्हाईकाचं मात्र नेप्तीला कांद्याला काय भाव आहे आणि उसाचं पेमेंट आलं का, यावर अवलंबून असतं.

कागद आधी, गिऱ्हाईक नंतर

अशा गाडीला गिऱ्हाईक एकदाच येतं. ते टोकन घेऊन दारात उभं असताना कागद अडला तर पुढचं कधी येईल सांगता येत नाही. म्हणून जाहिरात टाकण्याआधीच या गोष्टी बघून घ्याव्यात.

बोजा. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. पतसंस्था किंवा बँक बंद पडली असेल तर हे पत्र अवसायकाकडून आणावं लागतं. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा ही वेळ जिल्ह्यात कुणावरही येऊ शकते. याला दिवस लागतात.

पासिंगची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासोबत पर्यावरण कर. नूतनीकरणाची केंद्राची फी एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ५ हजार रुपये झाली, आणि २० वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार. जुनी जिप्सी विकणाऱ्याने हा खर्च आधी करावा. मुदत संपलेली गाडी 'तुम्ही करून घ्या' म्हणून दिली तर गिऱ्हाईक खर्चाच्या दुप्पट कापतं.

नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी बसवणं बंधनकारक आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर राज्याने ठरवला. ती नसेल तर आरटीओतली बाकीची कामं अडतात. सोबत थकलेली ई-चलनं, पीयूसी आणि विमा तपासून घ्यावा.

गाडी मयत वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते, फॉर्म ३१ भरून. गावाकडे हे हमखास राहिलेलं असतं. बाकी भावंडांची संमतीही तेव्हाच लेखी घ्यावी, गाडी विकल्यावर पैशावरून वाद नको.

नाव उतरेपर्यंत गाडी आपलीच

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निकालातली हकिगत अशी : मालकाने कार विकली, ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे अशी हातोहात गेली, पण आरटीओत नाव पहिल्याचंच राहिलं. मे २००९ मध्ये ती गाडी रिव्हर्स घेताना एक बाई आणि तिच्यासोबतचा मुलगा सापडले, मुलगा मरण पावला. गाडीला विमा नव्हता. आपण गाडी केव्हाच विकली, असं पहिल्या मालकाचं म्हणणं होतं. कोर्टाने सांगितलं, नोंद ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, भरपाई त्यानेच द्यायची. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडी कुणाकुणाच्या हातून गेली ते शोधत बसायचं नाही, असा त्यामागचा विचार.

म्हणजे ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केली, साक्षीदार घेतले, तरी तेवढ्याने मालकी बदलत नाही. तो कागद भांडणात पुरावा म्हणून कामाला येतो, एवढंच.

रीत अशी आहे. फॉर्म २९ ने विकणारा आरटीओला गाडी दिल्याचं कळवतो, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत. फॉर्म ३० हा घेणाऱ्याचा अर्ज, तो ३० दिवसांत. दोन्हीवर दोघांच्या सह्या लागतात. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. एमएच १६ ची गाडी श्रीरामपूरच्या एमएच १७ किंवा पुण्याच्या कार्यालयात चढणार असेल तर काय लागेल, ते सौद्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर होतो आणि ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर बंद असेल तर आधी बदलून घ्यावा. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नये. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरूनच सही करावी.

डीलरला विकत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का ते बघावं. एप्रिल २०२३ पासून अशा अधिकृत डीलरकडे गाडी दिली आणि फॉर्म २९ सी ने कळवलं की पुढची जबाबदारी डीलरवर जाते. रस्त्याकडेला दहा गाड्या उभ्या केल्या म्हणून कुणी अधिकृत होत नाही.

सोपा उपाय एकच. थोडी रक्कम हातात राखून, दोघांनी मिळून अर्ज भरावा आणि पावती निघाल्यावरच चावी द्यावी. लांबचा गिऱ्हाईक 'नंतर बघू' म्हणाला तर सौदा सोडलेला परवडतो. गाडी देताना ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, किलोमीटर लिहावेत, घेणाऱ्याच्या आधारची प्रत घ्यावी.

पैसे घेताना

एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यालाच, म्हणजे गाडी विकणाऱ्यालाच होऊ शकतो. आरटीजीएस किंवा डिमांड ड्राफ्ट घ्यावा आणि ड्राफ्ट बँकेत नेऊन खरा आहे का बघावा.

'मी फौजी आहे, बदली झालीय, न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. नगरमध्ये खरेच फौजी भरपूर असल्याने लोक पटकन विश्वास ठेवतात. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. गाडी चालवून बघायला कुणी मागितली तर लायसन्स बघावं आणि शेजारी घरचं माणूस बसवावं.

विम्याचा नो क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांत नव्या गाडीला तो वापरता येतो, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ही सूट ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत असते. फास्टॅग मात्र त्याच दिवशी बंद करावा. आणि पंधरा-वीस दिवसांनी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघावं. बदललं नसेल तर फॉर्म २९ ची पोच घेऊन थेट आरटीओ गाठावं.