पिंग निरुत्तर, पोर्ट मात्र खुले : सर्व्हर बंद समजावा काय?

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडला महापूर नवा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी शिरोळ तालुक्याला पुराचा मोठा तडाखा बसला. अशा दिवसांत येथील एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर सुरू आहे की नाही, हे कोल्हापुरात बसून पाहायचे झाल्यास तंत्रज्ञ प्रथम 'पिंग' करतो. उत्तर आले नाही, की सर्व्हर बंद पडला असे मानून पाण्यातून माणूस धाडण्याची घाई होते. मात्र त्याच सर्व्हरचे पोर्ट खुले आढळले, तर हा निष्कर्ष चुकीचा ठरण्याचीच शक्यता अधिक.

दोन चाचण्या, दोन प्रश्न

पिंग हा प्रोग्राम अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. सोनार यंत्राच्या ध्वनीवरून त्याला हे नाव मिळाले. 'आयसीएमपी' या नियमावलीनुसार तो समोरच्या संगणकाकडे प्रतिध्वनी मागतो. पोर्टची चाचणी मात्र 'टीसीपी' या निराळ्या नियमावलीने होते. संकेतस्थळांसाठी ८० व ४४३, तर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९ हे पोर्ट सामान्यतः वापरले जाते. पिंगला मिळालेला नकार हा केवळ त्या एका प्रकारच्या संदेशापुरता असतो. टीसीपीची वाट त्याने बंद होत नाही.

मौन कशामुळे?

बहुतेक वेळा हे मौन हेतुपुरस्सर असते. १९९६ च्या सुमारास 'पिंग ऑफ डेथ' हा हल्ला गाजला. ऑगस्ट २००३ मध्ये वेल्चिया नावाच्या वर्मने पिंगच्या साहाय्याने सावजे शोधताना अनेक नेटवर्क ठप्प केली. परिणामी अनेक व्यवस्थापकांनी पिंगला अटकाव केला. २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल मुळातच चालू अवस्थेत येऊ लागली.

निकाल कसा वाचावा?

पिंगला उत्तर नाही, पण पोर्ट खुले : त्या पत्त्यावर कोणीतरी जागे आहे आणि तेथवरचा मार्गही शाबूत आहे. पिंग अडवले गेले असावे.

पिंगला उत्तर नाही, पोर्टवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' : हा नकारही बहुधा जिवंतपणाचीच खूण होय. संगणक चालू आहे, त्या पोर्टवरील सेवा बंद आहे. क्वचित फायरवॉलही असा नकार देते.

पिंगला उत्तर आहे, पण पोर्ट बंद : यंत्र चालू, सेवा बंद किंवा अडवलेली.

दोन्हीकडे शांतता : यंत्र बंद, मार्ग तुटलेला किंवा फायरवॉल कडक, निर्णयासाठी आणखी पुरावा हवा.

पिंगच्या संदेशातही भेद असतो. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे उत्तर वेळेत आले नाही. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' म्हणजे वाटेतील राउटरला अथवा आपल्याच संगणकाला पुढचा मार्ग सापडला नाही. नावाचा आयपी पत्ताच मिळाला नाही, तर दोष डीएनएसकडे शोधावा.

सावधगिरी

खुले पोर्ट म्हणजे सेवा सुरळीत असल्याची हमी नव्हे. काही वेळा मधला लोड बॅलन्सर किंवा प्रॉक्सी सर्व्हरच्या वतीने उत्तर देतो आणि मागील सर्व्हर झोपलेला असतो. म्हणून पोर्टनंतर प्रत्यक्ष सेवा तपासावी : पान उघडते का, लॉगिन होते का, नोंद दिसते का. विंडोजच्या पॉवरशेलमधील 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा पोर्ट क्रमांक देऊन चालवल्यास टीसीपीचा निकाल स्वतंत्रपणे कळतो. नेटवर्क तपासणाऱ्या 'एनमॅप'ला मात्र पिंगविना तपासण्याचा पर्याय द्यावा. अन्यथा प्राथमिक चाचणीला उत्तर न देणारा संगणक बंद समजून तो पुढे जातो.

व्यवस्थापकांनीही आयसीएमपी सरसकट बंद करू नये. पॅकेट मार्गाच्या मानाने मोठे असल्याची सूचना याच नियमावलीतून येते. ती अडली, तर जोडणी होते, परंतु मोठी माहिती वाटेतच अडकते.

पूर असो वा नसो, माणूस धाडण्यापूर्वी पोर्ट आणि सेवा या दोन्ही चाचण्या करण्यास काही मिनिटे पुरतात.