कायोटी-शिकार : रायफल आणि काडतूस

उत्तर अमेरिकेतील कायोटी (कॅनिस लॅट्रान्स) या लांडग्याच्या कुळातील हिंस्र प्राण्याच्या शिकारीसाठी रायफल व तिचे काडतूस यांची करावयाची निवड. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्राणी हवाई सोडून सर्व राज्यांत आढळतो. मेंढपाळांचे त्याच्याशी जुने वैर आहे, आणि हिवाळ्यात त्याच्या कातडीला बाजार असतो. शिकारीची मूळ कारणे ही दोन. हौस हे तिसरे, आणि आज बहुधा तेच सर्वांत मोठे.

पश्चिमेकडील कायोटीचे वजन साधारणपणे ९ ते १६ किग्रॅ. भरते. हिवाळी केसांमुळे तो आहे त्याहून बराच थोराड दिसतो आणि नवख्याचा नेम तिथेच फसतो. केसांच्या आतली छाती अरुंद असते व गोळी जिथे बसायला हवी तो मर्मभाग जेमतेम पाच-सहा इंचांचा. हरणासाठी लागते तेवढी ताकद इथे लागत नाही. गोळी सपाट मार्गाने जावी, वाऱ्याने फार ढळू नये आणि ठरल्या जागी बसावी, एवढे पुरते. काडतुसांवरचे सगळे वाद या तीन अपेक्षांच्या आसपासच फिरतात.

निवडीवर शिकारीच्या रीतीचाही परिणाम होतो. शिकारी झुडपाला पाठ लावून बसतो आणि जखमी सशाच्या किंचाळण्याची नक्कल करतो. कधी तोंडाने फुंकायच्या शिटीने, कधी दूर ठेवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने. कायोटी सरळ चालून येईलच असे नाही. वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूने वळसा घेऊन तो आधी वास घेतो आणि मगच पुढे सरकतो. पूर्वेकडील रानात किंवा दक्षिण टेक्ससच्या मेस्कीटच्या काटेरी झुडपांत तो एकदम वीस-तीस यार्डांवर उगवतो. तिथे रायफलीपेक्षा मोठ्या छऱ्यांची बारा बोअरची बंदूक बरी पडते, मात्र तिचा भरवसा चाळीस यार्डांच्या आसपास संपतो. वायोमिंगसारख्या उघड्या माळावर तोच कायोटी दोन-तीनशे यार्डांवर थबकून चाहूल घेतो, आणि तेवढ्या क्षणात बार काढावा लागतो. अंतर यंत्राने मोजून दुर्बिणीची चकती फिरवायला सवड मिळतेच असे नाही. म्हणून रायफलीचा नेम बहुतेक जण २०० यार्डांवर बांधून ठेवतात. १०० यार्डांवर गोळी एक-दीड इंच वर लागते, एवढे ध्यानात ठेवले की जवळच्या कोणत्याही अंतरावर हिशेब न करता छातीच्या मध्यावर धरता येते.

वेगवान .२२ (इंचांतले नळीचे माप) काडतुसांची परंपरा १९३० च्या दशकातली. विंचेस्टर कंपनीने १९३५ मध्ये .२२० स्विफ्ट बाजारात आणले. ४८ ग्रेन वजनाची गोळी (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) सेकंदाला ४,११० फूट वेगाने सोडणारे ते काडतूस त्या काळी अचंबा वाटावा असे होते, पण सततच्या माऱ्याने नळीचा गळा लवकर झिजतो अशी त्याची ख्याती झाली व ती पुसली गेली नाही. त्याच सुमारास काही हौशी बंदूककारांनी १९१५ च्या .२५०-३००० सॅव्हेज काडतुसाच्या पुंगळीचे तोंड .२२ च्या मापाला आवळून आपले काडतूस बनवले. कितीतरी वर्षे ते घरगुती कारखान्यांतच तयार होत राहिले. ब्राउनिंगने १९६३ मध्ये त्यासाठी रायफल विकायला काढली, तेव्हाही तयार काडतूस दुकानात मिळत नव्हते. रेमिंग्टनने १९६५ मध्ये त्याला .२२-२५० रेमिंग्टन या नावाने कारखान्याच्या यादीत घेतले आणि उघड्या माळावरच्या कायोटी-शिकारीचे ते ठरलेले काडतूस होऊन बसले.

त्याचा खरा प्रतिस्पर्धी .२२३ रेमिंग्टन. हे लष्करी ५.५६ मिमी. काडतुसाचे नागरी भावंड १९६४ मध्ये आले. ५५ ग्रेनची तीच गोळी .२२-२५० मधून सेकंदाला सुमारे ३,६८० फूट, तर .२२३ मधून सुमारे ३,२४० फूट वेगाने निघते. वेगातला फरक आकड्यांत ठसठशीत दिसतो. मैदानात तो कितीसा उरतो ते पाहावे. दोन्ही रायफली २०० यार्डांवर बांधल्या, तर ३०० यार्डांवर .२२-२५० ची गोळी सहा इंचांच्या आसपास खाली येते व .२२३ ची आठ-साडेआठ इंच. आडवा वारा ताशी सोळा किमी. असेल, तर त्याच अंतरावर पहिली साधारण बारा इंच ढळते, दुसरी चौदा. अडीच इंचांचा हा लाभ खरा आहे. पण वाऱ्याचा अंदाज घेण्यात माणसाची चूक याहून मोठी होते, आणि ती सरावानेच कमी होते. .२२३ ची काडतुसे सर्वत्र आणि स्वस्त मिळतात, धक्का इतका हलका असतो की गोळी लागलेली दुर्बिणीतून दिसते, आणि नळीही पुष्कळ टिकते. ज्याला एकच रायफल घ्यायची आहे व ज्याची बहुतेक शिकार अडीचशे यार्डांच्या आत होते, त्याने .२२३ घेऊन उरलेल्या पैशांची काडतुसे सरावात उडवावीत. .२२-२५० सतत वारा असलेल्या लांब माळावरच्या माणसाचे.

कातडी विकायची असेल तर मात्र हिशेब उलटा होतो. तिथे प्राण्याच्या शरीरातून गोळी बाहेर पडणे हा दोष ठरतो, कारण बाहेरचे भोक मोठे असते, ते शिवावे लागते आणि व्यापारी तेवढे पैसे कापतो. त्यामुळे पातळ आवरणाची, प्लॅस्टिकच्या टोकाची, आत शिरताच फुटून जाणारी हलकी गोळी पसंत केली जाते. हॉर्नडी कंपनीची व्ही-मॅक्स हे तिचे परिचित उदाहरण. १९७१ चे .१७ रेमिंग्टन कातडीवाल्यांचे लाडके होते ते याचसाठी. २५ ग्रेनची गोळी आत जाताना केसांत शोधावे लागेल एवढे भोक पाडते आणि बाहेर बहुधा येतच नाही. २००४ च्या .२०४ रूगरमध्ये ३२ ग्रेनची गोळी ४,२०० फुटांच्या वर जाते आणि कातडी तितकीच जपते. पण फुटीर गोळीची दुसरी बाजू आहे. ती खांद्याच्या हाडावर आपटली, तर वरच्यावर फुटून उथळ, पसरट जखम करते आणि जनावर पळून जाऊन नंतर तडफडते. म्हणून अशा गोळीने तिरका बार टाळावा. १९५५ चे .२४३ विंचेस्टर वाऱ्यात यांहून स्थिर असते आणि हरणालाही चालते, म्हणून शेतकऱ्याच्या गाडीत बहुधा तेच सापडते. कातडीची मात्र ते धूळधाण करू शकते.

काडतूस ठरले तरी नळीतल्या आट्यांचा पीळ पाहणे राहतेच, आणि विकत घेताना नेमके तेच विसरले जाते. पीळ किती इंचांत एक फेरा पुरा करतो, यावर केवढ्या लांबीची गोळी स्थिर फिरेल हे ठरते. जुन्या .२२-२५० रायफलींत सहसा १४ इंचांत एक फेरा असे. ५५ ग्रेनपर्यंतच्या शिशाच्या गोळ्यांना तो पुरतो. ७५ ग्रेनच्या लांबट गोळ्यांना सुमारे आठ इंचांचा पीळ लागतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व प्रकारच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आली आणि हा प्रश्न तिथे प्रत्येकापुढे उभा राहिला. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते. सैल पिळाच्या नळीतून ती डगमगत जाते व कागदी लक्ष्यावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पाडते. असे भोक दिसले तर दुर्बिणीला दोष देण्यात अर्थ नाही.

.२२३ विषयी एक सावधगिरी. ५.५६ मिमी. लष्करी काडतूस बाहेरून तसेच दिसते व त्याच नळीत बसते. पण त्याच्या रायफलीत गोळी आट्यांना भिडण्यापूर्वीची मोकळी जागा जास्त असते. ते काडतूस फक्त .२२३ साठी घडवलेल्या नळीत वापरल्यास दाब धोकादायक वाढू शकतो. नळीवर काय कोरले आहे ते वाचावे.

हाताने खटका ओढायची बोल्ट रायफल की अर्धस्वयंचलित एआर-१५ हा वाद जितका रंगवला जातो तितका मोठा नाही. कायोटी पुष्कळदा जोडीने येतात. पहिला पडल्यावर दुसऱ्यावर नेम धरायला अर्धस्वयंचलित रायफल सोयीची, तर हलकी, साधी आणि थंडीत कमी कुरकुरणारी बोल्ट रायफल ठिकठिकाणी चालत बसणाऱ्याला बरी. दुर्बीण ३ ते ९ पट किंवा ४ ते १२ पट असावी आणि वाट पाहताना ती खालच्या आकड्यावरच ठेवावी. बारा पटीच्या दुर्बिणीत तीस यार्डांवरचा कायोटी म्हणजे नुसते केस. माळावर मागे गुरे किंवा घर आहे का, हे बार काढण्याआधी पाहायचे असते. अतिवेगवान हलकी गोळी जमिनीवर आपटताच सहसा फुटते, संथ .२२ रिमफायरसारखी उसळून दूर जात नाही. वस्तीजवळ तिला पसंती मिळते ती यामुळे, तरी तिच्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

कायद्याची तऱ्हा राज्यागणिक बदलते. वायोमिंगमध्ये कायोटी मारायला वर्षभर मोकळीक आहे. रात्री उष्णतादर्शक दुर्बीण वापरण्याची मुभा काही राज्यांत आहे, काहींत नाही. बक्षिसे लावून कायोटी मारण्याच्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये, व्हरमाँटने २०१८ मध्ये आणि न्यू मेक्सिकोने २०१९ मध्ये बंदी घातली. मेंढ्या वाचवण्याचे साधन म्हणूनही सरसकट शिकार वादग्रस्त आहे, कारण रिकाम्या झालेल्या मुलखात शेजारचे कायोटी लवकरच येऊन ठाण मांडतात. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार कोल्हा व लांडगा संरक्षित आहेत आणि हौशी शिकारीला मुळातच मनाई आहे. ही नोंद त्यामुळे अमेरिकेपुरती मर्यादित आहे.