शय्येवरून गड चढणारा कादंबरीकार

द्वारकानाथ माधवराव पितळे हें नांव आज कितीजणांस आठवेल ? 'नाथमाधव' म्हणतांच मात्र वाचनालयांतील झिजलेले खंड डोळ्यांपुढें येतात. जन्म 1882 सालीं मुंबईंत, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, नोकरी कुलाब्यास तोफांच्या गाड्यांच्या कारखान्यांत. गृहस्थ शिकारीचे मोठे शोकी. ऐन तारुण्यांत सिंहगडच्या कड्यावरून ते पडले आणि कमरेखालचें शरीर कायमचें निकामी झालें. अंथरुणावर पडल्यापडल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचूं लागले, आणि मग स्वतःच लिहूं लागले.

1908 त 'प्रेमवेडा' निघाली, 1913 त 'वीरधवल'. या दुसरीचा सांगाडा रेनॉल्ड्सचा. पण मराठी घरांत ती आपलीच होऊन राहिली. पुढें शिवकालावर 'स्वराज्या'ची माला गुंफिली. योगायोगांची रेलचेल तींत आहे खरी, आणि हरिभाऊ आपट्यांच्या पंक्तीला नाथमाधव बसत नाहींत, हेंहि खरें. परंतु ज्याला घरचा उंबरठा ओलांडणें कठीण, त्याचे वीर रात्रींबेरात्रीं तट चढतात, घोडीं फेंकतात, आणि त्या वर्णनांत दुखण्याची कुरकूर कोठेंहि ऐकूं येत नाहीं. असें सुमारें वीस वर्षें चाललें. 21 जून 1928 रोजीं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले.