सातपाटीचा बर्फ आणि घोलवडचा चिकू

पालघर, बोईसर, वाणगाव ही नावे आज आगगाडीच्या वेळापत्रकामुळे घरोघर माहीत झाली असली, तरी या मुलखाची जुनी नगरे ती नव्हेत. केळवे, माहीम, तारापूर, चिंचणी, डहाणू ही खाड्यांच्या मुखाशी वसलेली बंदरे पूर्वी येथील व्यवहाराची केंद्रे होती. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये फिरंग्यांकडून जिंकलेला तारापूरचा कोट याच किनाऱ्याची राखण करीत असे, आणि इंग्रजी अमदानीतही सरकारदप्तरी आजच्या पालघर तालुक्याचे नाव दीर्घकाळ माहीम हेच राहिले. पुढे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा गुजरातेतून निघालेला मार्ग १८६४ साली ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. परंतु खाड्यांची रुंद मुखे टाळण्यासाठी तो समुद्रापासून बराच आत आखला गेल्यामुळे मालाचा धनी किनाऱ्यावर आणि मालाचे वाहन आठ-नऊ किलोमीटर पूर्वेस, अशी या प्रदेशाची विचित्र विभागणी होऊन बसली. या आठ-नऊ किलोमीटरांचा इतिहास हाच येथील नाशवंत मालाचा इतिहास होय, असे आम्हांस वाटते.

शीतगृह नव्हते तेव्हा ऊन, वारा आणि मीठ ही तिन्ही साधने निसर्गाने येथे मुबलक दिली होती, आणि किनाऱ्यावरच्या माणसाने त्यांचा उपयोग मोठ्या कौशल्याने केला. बोंबील हा मासा अंगी इतके पाणी बाळगतो, की जाळ्यातून निघाल्यावर काही तासांतच तो विरघळू लागतो. म्हणून बांबूच्या वलांड्या उभारून, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून, ती जोडी दोरीवर टांगायची आणि खाऱ्या वाऱ्यावर कडकडीत वाळू द्यायची, ही रीत डहाणूपासून उत्तनपर्यंतच्या कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जवळा, करंदी, मांदेली हीही उन्हात वाळवीत. पावसाळ्याची बेगमी म्हणून भरलेल्या सुक्या मासळीच्या टोपल्या घाटावरच्या बाजारापर्यंत जात. वसई-आगाशीच्या बागाइतदारांनी तर राजेळी केळी उन्हात सुकवून त्यांची सुकेळी करण्याचे शास्त्रच सिद्ध केले. या साऱ्या उद्योगाचे मर्म एकच होते: माल जेथे निघतो तेथेच, त्याच दिवशी, आणि बहुधा त्याच घरातील स्त्रियांच्या हातून त्यावर संस्कार होत असे.

बर्फ मात्र परदेशातून आला. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात रचून फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ साली कलकत्त्यास पोहोचविला, आणि थोड्याच अवधीत तो मुंबईसही उतरू लागला. पण ती होती श्रीमंतांच्या पेल्यातील चैन. मासळीच्या कामी बर्फ यावा, तर तो यंत्राने आणि स्वस्तात निर्माण व्हावयास हवा होता. ज्या १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापून निघाले, त्याच साली ‘डनेडिन’ नावाचे जहाज न्यूझीलंडहून गोठविलेले मांस घेऊन सुस्थितीत लंडनला पोहोचले, आणि नाशवंत मालाला अर्ध्या पृथ्वीचा प्रवास शक्य आहे हे सिद्ध झाले. माहीम तालुक्यातील मासळी मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे डोक्यावरच्या पाटीतून आणि बैलगाडीतूनच रेल्वेस्थानक गाठीत राहिली.

या किनाऱ्यावर बर्फ आला तो खऱ्या अर्थाने सातपाटी या मच्छिमार गावी, आणि आला तो सहकाराच्या द्वारे. सर्वोदय आणि विविध कार्यकारी या दोन मच्छिमार संस्थांनी येथे सभासदांना बर्फ व डिझेल पुरविण्याची व्यवस्था केली, पापलेटाची वजनाप्रमाणे प्रतवारी केली आणि एकेकट्या नाखव्याऐवजी संस्थेने व्यापाऱ्याशी भाव ठरवावा असा प्रघात पाडला. नौका निघण्यापूर्वी तिच्या खणात बर्फाच्या लाद्या फोडून भरल्या जातात. मासळी मिळताच ती धुऊन बर्फाच्या चुऱ्याचा एक थर, तीवर पापलेटांचा एक थर, पुन्हा चुरा, अशी रचना करतात, आणि मासळीच्या बरोबरीने बर्फ पडला तरच आपल्या उष्ण हवेत ती शून्य अंशाजवळ टिकते. बर्फात काटकसर केली की त्याचे फळ बंदरावर उतरतानाच दिसते: डोळे बसलेले, कल्ले फिके पडलेले, आणि त्याच पापलेटाची किंमत एकदम खालच्या प्रतीची. बर्फ ज्याच्या हाती, त्याच्या हाती भाव, हे सातपाटीने ओळखले यात तिचे मोठेपण आहे.

याच ठिकाणी एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. बर्फाने मासळीचा नाश थांबविला, तशी यांत्रिक नौकांची समुद्रात राहण्याची मुदतही वाढविली. परदेशी मागणीने भाव चढले, जाळी वाढली, आणि लहान पिल्लेही त्यांत सापडू लागली. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली रुपेरी पापलेटास राज्यमासा घोषित केले, ते त्याचे प्रमाण घटत चालल्याच्या चिंतेमुळे. पकडलेला मासा वाचविणे आणि समुद्रातील मासा वाचविणे ही दोन्ही कर्तव्ये एकत्रच पाळावी लागतात. पहिल्याच्या उत्साहात दुसऱ्याचा विसर पडणे या किनाऱ्याला परवडणारे नाही.

उत्तरेस घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत गोष्ट निराळी आहे. मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील चिकू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पारशी व इराणी बागाइतदारांनी येथे रुजविला. त्या वाड्यांतून फळे उतरविणारे हात बहुतांशी वारली आदिवासींचे. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले आणि २०२१ साली तो इंग्लंडलाही रवाना झाला. तथापि या फळाचा स्वभाव नाजूक आहे. तोडल्यावर देठातून चीक गळतो तो धुऊन काढावा लागतो, साली खरचटल्या की डाग पडतो, आणि चार-पाच दिवसांत फळ पिकून मऊ होते. त्यास मासळीसारखे बर्फात घातले तर ते वाचत नाही, उलट नीट पिकतच नाही. त्याला हवा असतो सौम्य गारवा. तेव्हा एकच मोठे शीतगृह बांधून जिल्ह्याचा प्रश्न सुटेल, ही कल्पना मुळातच चुकीची आहे.

१९६९ साली तारापूरचे अणुशक्तिकेंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि रसायने, औषधे, कापड यांच्या वाहतुकीसाठी मालमोटारींचा मोठा ताफा या भागात आला. टिकाऊ मालाच्या सोयीसाठी एवढे झाले. नाशवंत मालाचा विचार तेवढ्या आस्थेने झाला नाही. हे केवळ पालघरचेच दुःख नव्हे. केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत समुद्री मासळीची हानी सुमारे साडेदहा टक्के आढळली, आणि फळे व भाज्यांची साडेचार ते जवळजवळ सोळा टक्के. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अहवालाने दाखविले, की देशात शीतगृहांची उणीव फारशी नव्हती. उणीव होती ती बागेजवळच्या प्रतवारी व पूर्वशीतन (साठवणीपूर्वी माल गार करण्याच्या) केंद्रांची. गरज सत्तर हजारांवर, आणि प्रत्यक्षात केंद्रे होती २४९. शीतवाहनांची गरज बासष्ट हजारांच्या आसपास, आणि होती केवळ नऊ हजार. वलांडीवर बोंबील टांगणाऱ्या स्त्रीला जे ठाऊक होते, की मालाची निगा पहिल्या काही तासांतच घ्यावी लागते, तेच योजनाकारांच्या ध्यानातून सुटले होते.

आता वाढवणला ७६,२०० कोटी रुपयांचे बंदर होऊ घातले आहे. २०२४ साली त्याची पायाभरणी झाली, आणि किनाऱ्यावरील मच्छिमारांचा त्यास विरोध आहे. त्या वादाचा निकाल काहीही लागो, सातपाटी, मुरबे, धाकटी डहाणू येथील धक्क्यांवर पुरेसा व स्वच्छ बर्फ, घोलवड-बोर्डीच्या वाड्यांलगत लहान पूर्वशीतन केंद्रे, आणि तेथून स्थानकापर्यंत व महामार्गापर्यंत उष्णतारोधक गाड्या यांची तजवीज जिल्हा नियोजन समितीने करावी, यासाठी त्या रकमेचा अत्यल्प अंशही पुरेल. ही केंद्रे कंत्राटदारांच्या नव्हे, मच्छिमारांच्या व बागाइतदारांच्या सहकारी संस्थांच्या ताब्यात द्यावीत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.